हाताचा दोष

रंगाऱ्याचा हात उजवीकडे कलतो, ही गोष्ट काचेच्या कारखान्यात भट्टीपासून फाटकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. विसाव्या वर्षी तो तिथे पाट्या रंगवायला लागला. 'धोका', 'हात लावू नये', यंत्रांचे नंबर, खोक्यांवरचे शिक्के, जे सांगतील ते. अक्षर ठसठशीत, रंग कधी ओघळायचा नाही, पण उभी रेघ काढली की ती वरच्या टोकाला उजवीकडे झुकायचीच. मुकादम म्हणायचा, याची अक्षरं सुट्टी व्हायच्या आधीच फाटकाकडे निघालेली असतात. सगळी भट्टी हसायची आणि रंगारीही हसायचा, कारण मुकादमाच्या विनोदाला न हसणं कोणालाच परवडत नसे.

शेवटी त्याने यावर उपाय शोधला. कारखान्याच्या गवंड्याकडून एक जुना ओळंबा मागून आणला, तो पाटीपुढे टांगला आणि प्रत्येक उभी रेघ त्या दोऱ्याशी ताडून बघायची सवय लावून घेतली. रेघ कललेली दिसली की दोष आपल्या हाताचा, हे ठरलेलं. पुसायची आणि सरळ करायची. चौदा वर्षं त्याने हेच केलं, आणि पुढे कारखाना गेला तरी सवय गेली नाही.

कारखाना बंद पडला त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. आधी भट्टी विझली, मग पगार थांबले, मग माणसं पांगली. रंगाऱ्याने काही वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून संसार ओढला. पुढे यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या आणि तेही हातचं गेलं. घरात बसून करायचं काय, म्हणून तो उरलेले रंग आणि एक फळी घेऊन कारखान्याच्या आवारात जाऊन बसू लागला आणि समोर दिसेल ते रंगवू लागला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं बायको म्हणाली. पण डबा मात्र देत गेली.

समोर दिसण्यासारखं पुष्कळ होतं. पत्रे उडालेल्या शेड. भट्टीच्या तोंडातून बाहेर आलेलं हातभर जाडीचं झाड. फुटक्या काचेचा डोंगर, हिरवा, तपकिरी, पांढरा, जो ऊन पडलं की अंगावर यायचा. गंजून पातळ झालेले रूळ. आणि या सगळ्यावर उभं असलेलं एकशेतीस फुटांचं विटांचं धुराडं, कमरेला लोखंडी पट्टे बांधलेलं. गंमत अशी, की कारखाना चालू होता तेव्हा त्याच्याकडे कोणी धड बघितलंच नव्हतं. चालू कारखान्यात माणूस आपल्या हाताकडे बघतो, घड्याळाकडे बघतो आणि मुकादमाकडे बघतो. बंद पडला तेव्हा तो दिसायला लागला.

धुराड्याच्या पलीकडे, उजव्या अंगाला, कामगारांच्या चाळीस खोल्यांची रांग होती. खोल्यांची पाठ धुराड्याकडे आणि दारं रस्त्याकडे. एकोणचाळीस खोल्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या होत्या. उरलेल्या एकीत, अलीकडून बाराव्या खोलीत, रंगाऱ्याची ताई राहत होती. भाऊजी भट्टीवर होते. कारखान्यामागोमाग दोन वर्षांत तेही गेले. मूलबाळ नव्हतं. ताईला कोणी जा म्हणालं नाही, म्हणून ती राहिली. रंगारी चित्र काढायला आला की अकराच्या सुमाराला तिच्याकडे चहा घ्यायचा, हा नेम होता. खरं सांगायचं तर तो चित्रासाठी येत होता की चहासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी शहरातून एक बाई आवार बघायला आल्या. त्यांचं शहरात चित्रांचं दालन होतं. त्यांनी रंगाऱ्याच्या खांद्यावरून त्याची फळी बघितली आणि तिथेच बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात त्याची चार चित्रं शहरात लागली. पडझडीचं सौंदर्य, असं कोणीतरी त्यांच्याविषयी लिहिलं. गावात तो रंगारीच राहिला, पण शहरात चित्रकार झाला. बाईंनी त्याला फक्त एक गोष्ट सुचवली. एका चित्रात ताईचे वाळत घातलेले कपडे आले होते, ते नकोत म्हणाल्या. उजाडपणात माणसाची खूण आली की नजर तिकडे धावते. रंगाऱ्याला ते पटलं. त्याने दोरीवरचे कपडे पुसले, चहाचा धूर पुसला, ताईचं उघडं दार इतर दारांसारखंच काळं करून टाकलं. ताईला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, बरं झालं, माझे कपडे तरी शहरात टांगले गेले नाहीत.

त्याची कामाची रीत अशी. रस्त्याच्या कडेला वाळूच्या जुन्या ढिगावर बसायचं, तिथून धुराडं डावीकडे आणि खोल्यांची दारं उजवीकडे तिरकी दिसायची. कोळशाने पहिली रेघ मारायची, पातळ तपकिरी रंगाने मोठे आकार बसवायचे आणि बाकीचं काम घरी. घरी कापडापुढे खिळ्याला ओळंबा टांगलेला असे. धुराडं दर वेळी किंचित उजवीकडे गेलेलं निघायचं. रंगारी स्वतःवरच चिडायचा, पन्नाशी उलटली तरी हात सुधारत नाही म्हणायचा, आणि धुराडं सरळ करायचा. अशी एकतीस चित्रं झाली. एकतीसही चित्रांत धुराडं ओळंब्यात.

त्या सकाळी कारखान्याचे जुने गवंडीकाका काठी टेकत वाळूच्या ढिगापाशी आले. वय ऐंशीच्या पुढे. या धुराड्यावर ते अकरा वेळा चढले होते, पट्टे आवळायला आणि दरजा भरायला. रंगारी त्याची चित्रं काढतो हे कानावर आलं होतं आणि एकदा बघायचं मनात होतं. त्यांनी चष्मा वर केला, कापडावरची कोळशाची रेघ बघितली, मग समोर बघितलं, मग पुन्हा कापडावर बघितलं.

"बरोबर काढलंस," ते म्हणाले. "पण इतकं कललं कधी हे?"

रंगारी हसला. तो हाताचा जुना दोष आहे, घरी गेल्यावर सरळ करतो, असं त्याने सांगितलं. काकांनी दोरा मागितला. रंगाऱ्याने डब्याला बांधलेली सुतळी सोडून दिली. काकांनी तिला काचेचा एक जाड तुकडा बांधला आणि हात लांब करून ती डोळ्यापुढे धरली. काच झुलायची थांबेना, म्हणून मग रंगाऱ्याने ती आपल्या हातात घेतली. काच गोल फिरली, हळूहळू थांबली. सुतळीची एक कड धुराड्याच्या बुडाला लागली होती. वर टोकाशी सुतळी आणि विटा यांच्यामध्ये बोटभर आकाश दिसत होतं.

त्याने हात बदलला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. बोटभर आकाश तसंच राहिलं.

"हात नाही तुझा," काका म्हणाले. "धुराडंच कललंय. खालचा पाया धुऊन निघाला असणार, पलीकडच्या टाकीचं पाणी मुरत असेल. आणि बघ, कलतंय कुठल्या बाजूला."

ते त्याने आधीच बघितलं होतं. उजवीकडे खोल्या होत्या आणि खोल्यांत एकाच दाराआड माणूस होतं.

जाताना काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ते जरा शरमले. दोन वर्षं घराच्या ओट्यावरून त्यांना धुराडं तिरकं दिसत होतं. त्यांनी दोनदा चष्मा बदलून घेतला होता.

रंगारी तिथून थेट ताईकडे गेला. अकरा वाजायला अवकाश होता, ताई तांदूळ निवडत होती. तो लवकर आला म्हणून तिला आश्चर्य वाटलं. त्याने पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं ती उडवून लावेल. ताईचा स्वभावच तसा होता, भाऊजींच्या आजारपणातसुद्धा डॉक्टरांना हसवून सोडणारी. पण तिने ताट बाजूला सरकवलं आणि उठून दार लावून दाखवलं. दार अर्ध्यावर येऊन फरशीला घासलं आणि अडकलं.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "मला वाटलं माझ्या मनगटात जोर राहिला नाही."

मग तिने त्याला मागची भिंत दाखवली. कोपऱ्यातून वर गेलेली भेग होती, आणि त्या भेगेत तिने जुन्या चादरीच्या चिंध्या व्यवस्थित ठासून बसवल्या होत्या. तीन माणसांनी तीन जागांवरून तेच बघितलं होतं आणि तिघांनी स्वतःलाच दोष दिला होता.

"मग ने मला," ताई म्हणाली.

ती अगदी सहज म्हणाली, बाजारातून येताना साबण आण म्हणावं तसं. आणि रंगाऱ्याला उत्तर सुचलं नाही. घर डोळ्यांपुढे आलं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत मुलगा, सून आणि सहा महिन्यांचं बाळ. मागच्या खोलीत तो आणि बायको, चूल आणि चित्रांची कापडं. भाऊजी गेल्यावर ताई एकदा राहायला आली होती, अकरा दिवस. स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाय मुडपून झोपायची. बाराव्या दिवशी कोणाला काही न बोलता पिशवी उचलून परत गेली होती. आता बायको काय म्हणेल, सून काय म्हणेल, बाळ उठलं तर काय, हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. फार वेळ लागला नसेल, एक चूळ भरायला लागतो तेवढाच. पण ताईने त्याला लहानपणी कडेवर खेळवलेलं होतं. त्याचं गप्प बसणं तिला कळत नव्हतं असं कधी झालंच नव्हतं.

"गंमत केली रे," ती म्हणाली आणि ताट पुढे ओढून तांदळाला लागली. "तोंड बघ केवढं झालंय. बस, चहा टाकते."

आणि त्याने चहा घेतला. पुढे अनेक दिवस त्याला स्वतःचा राग यायचा तो याचा, की त्याने बसून चहा घेतला.

घरी तो एक अक्षर बोलला नाही. त्याने मनाशी ठरवलं होतं की धुराडंच पाडून घ्यायचं, म्हणजे कोणाला काही विचारायलाच नको. बंद कारखान्यांचा कारभार बघणारी एक कचेरी शहरात होती. अर्ज लिहून तो तिथे गेला. तीन तास बाकावर बसल्यावर आत बोलावलं. साहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी खुर्ची दिली. त्यांच्या डोक्यामागे भिंतभर एक चित्र लावलेलं होतं. फुटक्या काचेचा डोंगर, गंजके रूळ, काळी दारं, आणि मधोमध धुराडं. खाली कोपऱ्यात रंगाऱ्याची सही.

साहेबांनी अर्जावरची सही बघितली, चित्रावरची बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. कचेरीने ते दालनातून घेतलं होतं. रोज त्याच्याकडे पाठ करून बसतो हे दुर्दैव, असं म्हणून ते हसले. मग त्यांनी अर्ज वाचला आणि खुर्ची फिरवली.

"हे तुमचंच ना?"

"हो साहेब."

"दीड वर्षापूर्वीचं. यात तर सरळ आहे."

"ते मी सरळ केलंय," रंगारी म्हणाला. "तेव्हाही कललेलंच होतं. मला वाटलं माझा हात चुकला."

"मग आता चुकला नाही कशावरून?"

साहेब टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. रंगाऱ्याने सुतळी, गवंडीकाका, दार, भेग, सगळं सांगितलं. घरी गेल्यावर पहिलं चित्र खरवडतो, रंगाखाली कोळशाची मूळ रेघ सापडेल, ती आणून दाखवतो, असंही म्हणाला. साहेबांनी मान हलवली. कोळशाची रेघ म्हणजे मोजमाप नव्हे. इंजिनियरला पाठवता येईल, पण इंजिनियर एक आणि बंद कारखाने सव्वाशे. ज्याच्या आसपास वस्ती आहे त्याचा नंबर आधी. इथे तर वस्ती नाही. त्यांनी जाड नोंदवही उघडून दाखवली. कामगारांच्या खोल्या चाळीस, सर्व रिकाम्या.

"चित्रातही कोणी दिसत नाही," साहेब म्हणाले.

तिथे माझी बहीण राहते, हे शब्द रंगाऱ्याच्या ओठांवर आले आणि तसे ते बाहेरही पडले. साहेबांनी लगेच पेन उचललं. कोणी राहत असेल तर ते बेकायदा आहे, पण तुम्ही तसं लेखी द्या, मी आजच्या आज आठ दिवसांत खोली सोडण्याची नोटीस काढतो. खोली खाली झाल्यावर इंजिनियरचं बघू. आणि खोली खाली झाली, की वस्ती नाही म्हणून नंबर पुन्हा शेवटचा. हे शेवटचं वाक्य साहेब बोलले नाहीत, पण ते तेवढंच स्पष्ट होतं. आड आणि विहीर यांतली निवड कधी एवढ्या नम्रपणे कोणी समोर ठेवली नसेल. रंगाऱ्याने अर्ज मागे घेतला. साहेबांनी निरोप देताना चित्राविषयी पुन्हा दोन चांगले शब्द काढले.

घरी येऊन त्याने पातं घेतलं आणि सगळ्यात जुनं चित्र खरवडलं. रंग पापुद्र्यांनी निघाला. खाली रेघ होती. अर्ध्या बोटाची कलती. सहा वर्षांपूर्वी अर्धं बोट, आज पूर्ण बोट. हातात पुरावा होता आणि तो कोणाला दाखवायचा हे कळत नव्हतं. तीच तर खरी फजिती होती.

मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. बत्तिसावं चित्र काढलं. ओळंबा खिळ्यावरून काढून ठेवला आणि धुराडं दिसतं तसं ठेवलं. दोरीवर ताईचे कपडे घातले, दार उघडं ठेवलं, उंबऱ्यावर कप ठेवला. धुराड्याचा कल त्या दारावर येतो, हे आंधळ्यालाही दिसावं असं. आयुष्यात प्रथमच त्याने जे होतं ते काढलं होतं, एक वीटही इकडची तिकडे केली नव्हती. त्याला वाटलं, शहरात चार माणसं हे बघतील, त्यांतल्या एखाद्याची तरी कोणाशी ओळख असेल.

दालनवाल्या बाई चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही जे बघत होतात तेच काढत होतात, आता कुठे कल्पनेला धीर आलाय. कपड्यांविषयीसुद्धा या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं. लोक आले, माना तिरक्या करून बघू लागले. रंगारी दोन दिवस चित्राच्या शेजारी उभा राहिला आणि येईल त्याला सांगत राहिला, की हे खरंच असं आहे, इथे खरंच एक बाई राहते. लोक ऐकून घ्यायचे. एका गृहस्थाने तर त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, अगदी खरं आहे, आपण सगळेच कुठे ना कुठे कललेले आहोत. रंगाऱ्याला त्या गृहस्थाच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, पण त्याचे डोळे पाणावलेले होते, म्हणून राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो घरी परतला. जेवताना तो भाकरी नुसती कुस्करत बसला, तेव्हा बायकोने खोदून खोदून विचारलं. त्याने सगळं सांगितलं, सुतळीपासून दालनापर्यंत. ताई 'मग ने मला' म्हणाली होती तेही सांगितलं.

बायकोने हातातला घास ताटात ठेवला.

"आणि तुम्ही महिनाभर हे पोटात ठेवलंत?" ती म्हणाली. "मला विचारलंत तरी का? नाही म्हणाले असते मी?"

तो म्हणाला, जागा कुठे आहे. त्यावर ती जेवण सोडून उठली. चित्रांची कापडं उचलून तिने बाहेर ओट्यावर ठेवली, चुलीजवळचा कोपरा रिकामा केला आणि सून न सांगता पुढे होऊन तिथे गादी टाकू लागली. अर्ध्या तासात ताईची जागा झाली. महिनाभर जी जागा नव्हती ती अर्ध्या तासात झाली, आणि ती गादी बघून रंगाऱ्याला हायसं वाटण्याऐवजी रडू आलं. आपण बायकोला ओळखलं नाही, याहून वाईट म्हणजे आपण तिच्या नावाखाली लपलो, हे त्याला कळलं होतं.

सकाळी तो हातगाडी घेऊनच गेला. ताई दारात होती. त्याने सगळं एका दमात सांगितलं. कोपरा रिकामा केलाय, सुनेने गादी घातलीय, बायको म्हणते दुपारच्या जेवणाला घरीच यायचं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. हातगाडीकडे बघितलं.

"नाही रे," ती म्हणाली.

तो चिडला, विनवू लागला, बायकोला बोलावून आणतो म्हणाला. ताईने त्याला बोलू दिलं. तो थांबला तेव्हा म्हणाली, "मी विचारलं त्या दिवशी तू गप्प बसलास. मला राग नाही आला, खरंच नाही. पण आता तिथे आले, की रात्री कोणी नुसती कूस बदलली तरी मला ते गप्प बसणंच ऐकू येईल. अकरा दिवस राहून बघितलंय मी. तुझी बायको माझ्या उशाशी पाय चुकवत पाणी प्यायला जायची, आणि मी झोपल्याचं सोंग घ्यायची. इथे मला सोंग घ्यावं लागत नाही."

"ताई, ते पडणार आहे."

"कळतं मला. दार रोज सांगतं."

तिच्यापुढे आपलं काही चालणार नाही, हे रंगाऱ्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने उंबऱ्यावर बसकण मारली. डोकं हातात धरलं. त्याने महिनाभरात कचेरी गाठली होती, चित्र खरवडलं होतं, शहराला ओरडून सांगितलं होतं, आणि ज्या एका क्षणी फक्त 'चल' म्हणायचं होतं तेवढं त्याच्याने झालं नव्हतं. तो क्षण परत कसा आणायचा हे कोणत्याही कचेरीत विचारता येण्यासारखं नव्हतं.

ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने विचारलं, "कुठवर येईल रे ते?"

"त्याची उंची असेल तिथवर."

"म्हणजे कुठे? मोजून दाखव."

काही तरी करायला मिळालं म्हणून तो उठला. धुराड्याच्या बुडापासून पावलं टाकत निघाला. एकतिसाव्या पावलाला ताईची मागची भिंत लागली. खोल्यांना वळसा घालून तो पुढे आला आणि मोजत राहिला. बावन्नावं पाऊल रस्त्याच्या मधोमध पडलं. विटा उडतील त्यांच्यासाठी त्याने आणखी दहा पावलं धरली. रस्ता ओलांडून पलीकडच्या मोकळ्या जमिनीत तो थांबला आणि मागे वळून बघतो तर ताई त्याच्यामागे येत होती, हातात घरातली एकुलती एक खुर्ची.

"इथे नाही ना येणार?"

"इथे नाही."

"नक्की?"

"नक्की, ताई."

तिने खुर्ची ठेवली, हलवून बघितली, खाली एक दगड सरकवला आणि खुर्ची डुगडुगायची थांबल्यावर त्याचे खांदे धरून त्याला तिच्यात बसवलं. "आजपासून तुझा चहा इथे," ती म्हणाली. "घरात लहान मूल आहे तुझ्या." तो उठायला लागला तसा तिने त्याला खाली दाबलं. मग ती रस्ता ओलांडून परत गेली. थोड्या वेळाने कप घेऊन आली, त्याच्या हातात दिला, पुन्हा गेली, आणि स्वतःचा कप घेऊन आपल्या उंबऱ्यावर बसली. तिच्या मागे धुराडं उभं होतं.

रंगारी कप घेऊन उठला आणि चार पावलं तिच्याकडे चालून गेला.

"बस तिथेच," ताई मोठ्याने म्हणाली. तो शाळेत जायचा तेव्हा रस्त्याच्या कडेला ती त्याला याच आवाजात थांबवायची. तो परत फिरला आणि बसला.

मग तिने पलीकडून विचारलं, बाळाला दात आले का. मधून एक गाडी गेली, त्यामुळे त्याचं उत्तर तिला ऐकू गेलं नाही. त्याला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं, की हो, खालचे दोन आलेत.